सातेरी मधमाशीची निवड-पैदास (पुणे परिसर)

आपल्याच मुलखातल्या सातेरी वसाहतींमधून मध, स्वभाव, टिकाऊपणा आणि रोगप्रतिकार यांत उजव्या ठरलेल्या वसाहती हेरायच्या, त्यांच्या राण्या आणि नर वाढवायचे आणि कमजोर पेट्यांतल्या राण्या बदलायच्या, या कामाला सातेरीची निवड-पैदास म्हणतात. गाय-शेळी सुधारायची तर एका गोठ्यातूनही सुरुवात करता येते. मधमाशीत ते जमत नाही. राणीचे मीलन उघड्या आकाशात होते आणि तिथे शेजाऱ्याच्या पेटीतले, रानातल्या ढोलीतले, वाड्याच्या भिंतीतले असे सगळेच नर हजर असतात. एका मधपाळाने कितीही जीव ओतला, तरी त्याच्या पुढच्या पिढीचा बापाकडचा वाटा परिसराच्या हाती राहतो. म्हणून हे काम गटाचे आहे, आणि गटही एकाच खोऱ्यातला, पेट्या एकमेकांच्या उड्डाणाच्या टप्प्यात असलेला लागतो.

माशी : सातेरी (एपिस सेराना इंडिका) अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते, म्हणून ती पेटीत नांदते. झाडाची ढोली, वारूळ, दगडी बांध, पुण्याच्या पेठांतल्या जुन्या भिंती या तिच्या जागा. सोसायटीच्या सज्जाखाली लटकणारे मोठे मोहोळ तिचे नव्हे, ते आग्या माशीचे. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकेकच पोळे बांधतात, त्यामुळे त्यांना पेटीत पाळता येत नाही.

सातेरीचे पोळे हातात धरून पाहिले तर नराच्या घरांची एक खूण लगेच डोळ्यांत भरते. कामकऱ्यांच्या बंद घरांची झाकणे सपाट असतात. नराच्या घराचे झाकण टोपीसारखे वर आलेले आणि टोकाला सुईच्या अग्राएवढे भोक असलेले. नवखा माणूस हे भोक पाहून किडीची शंका घेतो, पण ती या जातीची रीतच आहे. पुष्कळ मधपाळ नरांचा हा पिलावा (घरांतली वाढती अंडी, अळ्या आणि कोष) चाकूने छाटून टाकतात, कारण नर मध आणत नाहीत, नुसते खातात. पैदाशीच्या दृष्टीने ही सवय फार महागात पडते.

पाश्चात्त्य मधमाशी एपिस मेलिफेरा १९६०च्या दशकात पंजाब-हिमाचलच्या बाजूला स्थिरावली आणि पुढे देशभर पसरली. वर्षाकाठी सातेरीची पेटी साधारण ५ ते १० किलो मध देते, मेलिफेराची २५ ते ४०. पण नुसत्या किलोंवर केलेली ही तुलना अपुरी आहे. मेलिफेराच्या पेट्या फुलोऱ्यामागे ट्रकने हलवाव्या लागतात. व्हरोआ हा बाह्यपरजीवी कोळी मुळात सातेरीच्या जातीवरचा. तो सातेरीच्या मुख्यतः नर-पिलाव्यातच वाढतो आणि माश्या त्याला आवरून धरतात, तर मेलिफेराच्या वसाहती औषधाविना त्याच्यापुढे टिकणे कठीण. घाटमाथ्यावरचा विखुरलेला, थोडा-थोडा फुलोरा वेचायला सातेरीच हवी. जांभूळ, हिरडा, गेळा यांचा मध आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीचा मध हे तिचेच देणे.

पूर्वपीठिका : महाबळेश्वरला १९४६ पासून मधुमक्षिकापालनाचे सरकारी काम सुरू झाले. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ साली पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर उभी राहिली. प्रशिक्षणासाठी तिथे देशभरातून माणसे येतात. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले.

मधपाळांनी संघटित होऊन देशी माशी सुधारण्याचे नामांकित उदाहरण ब्रिटनचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘आइल ऑफ वाइट’ नावाच्या रोगाने तिथल्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि स्थानिक काळी माशी (मेलिफेराचाच तिथला प्रकार) संपली असे मानले गेले. ती संपलेली नव्हती. १९६४ साली बीओवुल्फ कूपर यांच्या पुढाकाराने तिच्यासाठी संघटना निघाली. तिथले सभासद पंखांवरच्या शिरांची मापे घेऊन वसाहत कितपत देशी आहे ते ठरवतात, कारण बाहेरून आणलेल्या इटालियन वगैरे माश्या त्याच जातीच्या असल्याने संकर सहज होतो. पुण्यात प्रश्न वेगळा आहे. सातेरी आणि मेलिफेरा या दोन स्वतंत्र जाती, त्यांचा संकर होत नाही. इथला धोका दूरच्या सातेरीचा. दक्षिणेत आणि सह्याद्रीत डोंगराळ भागातली काळसर, अंगाने मोठी सातेरी आणि मैदानातली पिवळसर, लहान सातेरी असे फरक दिसतात. लांबच्या प्रदेशातून विकत आणलेल्या वसाहतींबरोबर परक्या हवामानाला सरावलेले गुण येतात आणि पाठोपाठ रोगही येतात. गटाने बाहेरच्या वसाहतींना सरसकट नकार द्यावा, हेच योग्य.

मीलन आणि रक्ताचे नाते : नर बिनफळलेल्या अंड्यातून जन्मतो. त्याला बाप नसतो, गुणसूत्रे १६; राणी आणि कामकरी यांना ३२. नवी राणी दुपारच्या उन्हात उडते आणि दहा-वीस किंवा त्याहूनही जास्त नरांशी मीलन करते. हे वीर्य तिला जन्मभर पुरते. एकाच पेटीत अनेक बापांच्या मुली असतात, आणि वसाहतीचे बळ या विविधतेतच आहे.

लिंग ठरवणाऱ्या जनुकाची अनेक रूपे असतात. फळलेल्या अंड्यात दोन वेगळी रूपे आली तर मादी, दोन्ही सारखीच आली तर बिनकामाचा द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेला) नर. असा नर कामकरी अळी अवस्थेतच खाऊन टाकतात, हे पोलिश शास्त्रज्ञ येझी वोयके यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. राणीच्या दोन रूपांपैकी एखादे ज्या नराकडे असेल, त्याच्याकडून फळलेल्या अंड्यांपैकी निम्मी अशी वाया जातात. पिलावा मग सलग न दिसता चाळणीसारखा दिसतो. चांगली एकच राणी सापडली म्हणून सगळ्या पेट्यांत तिच्याच मुली भरणारा मधपाळ दोन-तीन पिढ्यांत या चाळणीपाशी येऊन ठेपतो. उत्साहाच्या भरात हीच चूक सर्वांत जास्त होते. वीस पेट्यांच्या मालकाला ती टाळणे अवघड. दहा जणांच्या दोनशे पेट्यांत अनेक मातृवंश शेजारी-शेजारी राखता येतात.

निवड : कामाचा कणा म्हणजे नोंदवही. प्रत्येक पेटीला क्रमांक, राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका, आणि दर तपासणीला त्याच त्या नोंदी: चौकटींवर माश्या किती, पिलावा सलग आहे का, पेटी उघडताना माश्या शांत राहतात की अंगावर येतात, वसाहत फुटून थवा निघाला का, मध किती निघाला. सातेरीच्या बाबतीत एक रकाना अधिक महत्त्वाचा. उपासमार, मेणकिडा किंवा मुंग्यांचा त्रास झाला की ही माशी पेटी सोडून जाते. मधाने भरलेली पण दरवर्षी निघून जाणारी वसाहत पैदाशीला निरुपयोगी आहे.

स्वच्छतेची परीक्षा सोपी आहे. बंद पिलाव्याच्या ठरावीक घरांत बारीक टाचणी खुपसून आतले कोष मारायचे आणि दुसऱ्या दिवशी किती घरे रिकामी झाली ते मोजायचे. मेलेले पिल्लू चटकन हुडकून बाहेर काढणारी वसाहत रोगाशी लढताना सरस ठरते. हे का महत्त्वाचे, ते थाई सॅकब्रूड या विषाणूने शिकवले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तो भारतात आढळला आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिणेतल्या सातेरी वसाहतींचा त्याने फडशा पाडला. रोगट अळी घरात उताणी पडून डोके वर उचललेल्या होडीसारखी दिसते आणि चिमट्याने उचलली तर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सबंध बाहेर येते. या विषाणूवर औषध नाही. त्यातून वाचलेल्या वसाहतींची संतती हाच भरवशाचा मार्ग, आणि निवड-पैदाशीचे सर्वांत मोठे समर्थनही हेच.

राण्यांची वाढ : निवडलेल्या पेटीतली एका दिवसाची अळी बारीक पळीने उचलून मेणाच्या वाटीत ठेवायची आणि राणी काढून घेतलेल्या दणकट वसाहतीकडे सोपवायची, ही मेलिफेरासाठी रुळलेली रीत सातेरीलाही चालते. वाट्या मात्र लहान लागतात आणि स्वीकार कमी होतो. त्यामुळे थवा सोडण्याच्या बेतात असलेल्या चांगल्या वसाहतीतली तयार राणीघरे कापून वाटणे छोट्या गटांना सोयीचे पडते. त्यात एक खोट आहे: असे करत राहिले की थवा सोडण्याची खोडच निवडली जाते. नोंदवहीत मुद्दाम कमी फुटणारी वसाहत शोधून तिचीच राणीघरे घ्यावीत.

वेळेचे गणित नरापासून मांडायचे. राणी अंड्यापासून सुमारे १६ दिवसांत बाहेर पडते, नराला २४ दिवसांच्या आसपास लागतात आणि त्यानंतरही पक्व व्हायला दीड-दोन आठवडे. म्हणून नर देणाऱ्या वसाहतींना साखरेचा पाक आधी पाजावा लागतो आणि राण्यांचे काम नंतर हाती घ्यायचे. गटातल्या प्रत्येकाने आपल्या उत्तम पेट्यांत नर वाढू दिले आणि कमजोर पेट्यांतलेच छाटले, तर आकाशातला बाजार हळूहळू आपल्या बाजूने झुकतो. कृत्रिम रेतनही करता येते. भारतातल्या सातेरीवरचे त्याबाबतचे निष्कर्ष वोयके यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. सातेरीच्या नराकडून मिळणारे वीर्य मेलिफेराच्या मानाने फार थोडे असते, त्यामुळे हे प्रयोगशाळेचे काम राहिले आहे, मळ्यातले नाही.

पावसाळ्याची कसोटी : मुळशी-मावळात आषाढ-श्रावण हा सातेरीचा दुष्काळ. फुलोरा जवळपास नाही आणि झड लागली की दिवसेंदिवस बाहेर पडता येत नाही. निवडीसाठी यापेक्षा चांगला परीक्षक नाही, मात्र सर्व पेट्यांना पाक सारखाच मोजून पाजला पाहिजे, नाहीतर मधपाळाच्या मायेचीच निवड होईल. गणपती झाल्यावर उघडीप मिळाली की पेट्या उघडतात. काहींत मेणकिड्याची जाळी आणि मूठभर माश्या. एखादीत चौकटीच्या कडेला नवे पांढरे मेण, घराघरात उभी अंडी आणि राणी शांतपणे फिरत असलेली. त्या पेटीच्या क्रमांकापुढे खूण होते, आणि माघ-फाल्गुनात तिच्या टोपीदार, भोक असलेल्या घरांना कुणी चाकू लावत नाही.