तोकुशिमाच्या गादीवरून विमा कंपनीच्या खुर्चीत: हाचिसुका मोचिआकी यांची पार्श्वभूमी

1868 च्या सुरुवातीला वडील वारले आणि 21 व्या वर्षी हाचिसुका मोचिआकी जपानमधल्या तोकुशिमा संस्थानाच्या गादीवर बसले. शिकोकु बेटावरचा आवा प्रांत आणि समोरचं अवाजी बेट एवढा हा मुलूख. त्याचं अधिकृत उत्पन्न 2 लाख 57 हजार कोकु होतं, आणि एक कोकु म्हणजे साधारण 150 किलो तांदूळ. पण घराण्याची खरी श्रीमंती निळीची. योशिनो नदीच्या गाळाच्या जमिनीत पिकणारी आवाची नीळ साऱ्या जपानचे कपडे रंगवत होती.

मोचिआकींचे वडील अकराव्या तोकुगावा शोगुनचे, म्हणजे सम्राटाच्या नावाने देश चालवणाऱ्या लष्करी सत्ताधीशाचे, पुत्र, दत्तक म्हणून हाचिसुका घरात आलेले. म्हणजे मोचिआकी शोगुनचे नातू. तरीही शोगुनशाही कोसळताना ते सम्राटाच्या बाजूने उभे राहिले. 1869 मध्ये सगळ्या सरदारांनी आपापला मुलूख सम्राटाला परत केला आणि 1871 मध्ये संस्थानंच बरखास्त होऊन त्यांचे जिल्हे झाले.

हे सगळं शांतपणे पार पडलं असा समज आहे, पण तोकुशिमात रक्त सांडलं. अवाजीवरचे इनादा हे हाचिसुकांचे पिढीजात मुख्य कारभारी. नव्या व्यवस्थेत आपल्या माणसांना खालचा दर्जा मिळतोय म्हणून इनादांचे लोक वेगळं संस्थान मागू लागले. 1870 मध्ये तोकुशिमाच्या संतापलेल्या सामुराईंनी सुमोतो इथल्या त्यांच्या घरांवर हल्ला चढवला. सरकारने 10 म्होरक्यांना सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरण्याची, शिक्षा दिली. कायद्याने दिलेली ती जपानमधली शेवटची सेप्पुकू मानली जाते. इनादांच्या लोकांना उत्तरेच्या होक्काइदो बेटावरच्या थंडीत वसाहत करायला धाडलं आणि अवाजी पुढे ह्योगो जिल्ह्यात गेलं. मोचिआकींच्या पुढच्या आयुष्याकडे पाहताना हा प्रसंग नजरेआड करता येत नाही. तलवारीच्या जोरावर काही राखता येणार नाही, हे त्यांना स्वतःच्याच मुलखात दिसलं होतं.

1872 मध्ये ते इंग्लंडला गेले, ऑक्सफर्डमध्ये शिकले आणि 1879 मध्ये परतले. तोवर सरदारांच्या पैशाचं स्वरूपच बदललं होतं. 1876 मध्ये सरकारने वंशपरंपरागत तनखे बंद करून त्याऐवजी व्याजी रोखे दिले. हे रोखे सावकारांच्या घशात जाऊ नयेत म्हणून सरकारातले बडे नेते इवाकुरा तोमोमी यांनी पुढाकार घेतला आणि 1877 मध्ये सरदारांचं भांडवल एकत्र करून पंधरावी राष्ट्रीय बँक उभी राहिली. तिचं भांडवल होतं 1 कोटी 78 लाख येन. उत्तरेकडे रेल्वे नेणाऱ्या निप्पॉन रेल्वे कंपनीत पुढे हाच पैसा लागला.

त्याआधी सरदारांच्या एका गटाने शिंबाशी–योकोहामा रेल्वे सरकारकडून विकत घेण्यासाठी हप्ते भरायला सुरुवात केली होती. तनखे गेल्यावर तो बेत फसला आणि भरलेले पैसे परत आले. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न होता. उद्योजक आणि बँकर शिबुसावा एइइची यांनी सुचवलं, सागरी विमा कंपनी काढा. ऑगस्ट 1879 मध्ये 6 लाख येन भांडवलावर तोक्यो कायजो, म्हणजे टोकियो मरीन, सुरू झाली. ही जपानमधली पहिली विमा कंपनी. मित्सुबिशीचे इवासाकी यातारोही भागीदार होते आणि पहिले अध्यक्ष म्हणून मोचिआकींची नेमणूक झाली. रोजचं काम व्यवस्थापक पाहत, पण बुडालेल्या मालाची भरपाई मिळेल यावर व्यापाऱ्याचा विश्वास बसायला जुन्या घराण्याचं नाव हवं होतं, असं मला वाटतं. आपल्याकडच्या इफ्को-टोकियो या विमा कंपनीच्या नावातलं ‘टोकियो’ याच कंपनीचं.

यापुढे पदं एकामागून एक आली. 1882 पासून फ्रान्समध्ये राजदूत, 1884 मध्ये मार्क्विस हा वरच्या दर्जाचा सरदारी किताब, 1890 मध्ये तोक्योचे गव्हर्नर. त्याच वर्षी नवी संसद भरली. वरिष्ठ सभागृहात मार्क्विसांना निवडणुकीशिवाय तहहयात जागा होती. काउंट आणि त्याखालच्यांना मात्र आपापसांत निवडून यावं लागे. जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यानंतर 1891 ते 1896 मोचिआकी या सभागृहाचे अध्यक्ष होते, आणि मग वर्षभर शिक्षणमंत्री.

एक किस्सा आवर्जून सांगितला जातो. राजवाड्यात सम्राटाची वाट पाहताना त्यांनी तिथल्या सिगारेटी खिशात टाकल्या. ते लक्षात आल्यावर सम्राट हसून म्हणाले, पूर्वजांचं रक्त लपत नाही. घराण्याचे मूळपुरुष कोरोकू हे सोळाव्या शतकात जपान एकत्र करणाऱ्या हिदेयोशीचे साथीदार, आणि लोककथांत ते दरोडेखोर म्हणूनच रंगवलेले.

विम्यापेक्षा मोठा आणि जास्त वादाचा उद्योग होता होक्काइदोतल्या उर्यू इथली शेती. 1889 मध्ये दरबारी उमराव आणि सरकारातले ज्येष्ठ नेते सांजो सानेतोमी यांच्यासह काही सरदारांनी सरकारकडून 50 हजार चो, म्हणजे जवळपास तेवढीच हेक्टर, पडीक जमीन मिळवली. 1891 मध्ये सांजो वारले आणि ती संस्था मोडली, पण मोचिआकींनी आपल्या वाट्याच्या जमिनीवर स्वतःचा मळा चालू ठेवला. जंगल तोडून भातशेती उभी केली ती कुळांनी. तिकडे आवाची नीळ आधी भारतातून येणाऱ्या स्वस्त निळीने आणि मग जर्मन कृत्रिम रंगाने मार खात होती.

1918 मध्ये मोचिआकी गेले. 1920 च्या दशकात उर्यूच्या कुळांनी खंडाविरुद्ध लढा पुकारला आणि तो वर्षानुवर्षं चालला. त्या लढ्याला तोंड द्यावं लागलं ते मोचिआकींच्या मुलाला आणि नातवाला. हा नातू, मासाउजी, नावाजलेला पक्षितज्ज्ञ होता आणि डोडोवरच्या संशोधनासाठी आजही ओळखला जातो. 1947 च्या राज्यघटनेने सरदारकी आणि वरिष्ठ सभागृह दोन्ही रद्द केलं. तोक्योच्या मिता भागातल्या हाचिसुकांच्या वाड्याच्या जागेवर आता ऑस्ट्रेलियाचा दूतावास आहे.