हार्टब्लीड: दोन वर्षं राहून गेलेली एक तपासणी

७ एप्रिल २०१४, सोमवार. आपल्याकडे लोकसभेच्या मतदानाचा पहिला दिवस. त्याच दिवशी ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची १.०.१जी ही आवृत्ती आली आणि जगभर सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली. तिच्यातला खरा बदल पोस्टकार्डावर मावेल एवढाच होता: समोरून आलेला मजकूर जेवढा लांब असल्याचं सांगितलंय तेवढा तो आहे का, हे आधी बघा, नसेल तर उत्तर न देता टाकून द्या. ही तपासणी दोन वर्षं राहून गेली होती; त्या चुकीलाच हार्टब्लीड हे नाव पडलं. ती का राहिली, आणि ती आल्यावरही काम का संपलं नाही, हे कळायला वीस वर्षं मागे जावं लागतं.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी जे कुलूप दिसत आलं त्यामागचं एसएसएल हे तंत्र नेटस्केप कंपनीने आणलं. त्याची दुसरी आवृत्ती १९९५ मध्ये लोकांसमोर आली, तिसरी १९९६ मध्ये. पुढे १९९९ मध्ये त्याचंच टीएलएस या नावाने प्रमाणीकरण झालं. पण त्या काळात अमेरिकेतून मजबूत एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करणारं तंत्र) बाहेर पाठवायला कायद्याची आडकाठी होती. परदेशी ग्राहकांना मिळे ती ४० बिटांची दुबळी चावी. अमेरिकेबाहेर बसून कोणी हे काम स्वतंत्रपणे केलं तरच बाकीच्या जगाला भक्कम कुलूप मिळणार होतं. ऑस्ट्रेलियातल्या एरिक यंग यांनी ते केलं. त्यांच्या सॉफ्टवेअरचं नाव एसएसएलिये (SSLeay); शेवटची तीन अक्षरं त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. टिम हडसन त्यांच्या जोडीला होते. १९९८ च्या शेवटी दोघं नोकरीसाठी दुसरीकडे गेले आणि त्यांचा कोड पुढे चालवायला डिसेंबर १९९८ मध्ये ओपनएसएसएल हा प्रकल्प सुरू झाला. कोड खुला, वापर फुकट, आणि काम करणारे बहुतेक जण आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून वेळ देणारे.

फुकट आणि चांगलं म्हटल्यावर ते सगळीकडे पोचलं. अपाची आणि एनजिनएक्स हे वेब सर्व्हर सहसा ओपनएसएसएलच वापरत. वेबसाइटची मोजणी करणाऱ्या नेटक्राफ्टच्या एप्रिल २०१४ च्या पाहणीनुसार जगातल्या सक्रिय साइटपैकी ६६ टक्क्यांहून अधिक साइट या दोहोंवर चालत होत्या. शिवाय मेल सर्व्हर, व्हीपीएन, राउटर, काही फोन. एवढा डोलारा किती थोड्या खांद्यांवर उभा आहे, याची चौकशी फारशी कोणी केली नाही.

एक इशारा आधी मिळाला होता. २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणात ओपनएसएसएलचा कोड ‘साफ’ करण्यात आला. तपासणीचं साधन एका ओळीबद्दल सारखी तक्रार करत होतं, म्हणून ती ओळ काढली. पण चाव्या घडवायला लागणारे यादृच्छिक आकडे तयार करताना जी अनिश्चितता लागते, ती नेमकी त्याच ओळीतून आत येत होती. ती गेल्यावर उरला फक्त प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामचा, क्रमांक. एका प्रकारच्या यंत्रावर, एका लांबीच्या, जेमतेम ३२ हजार वेगवेगळ्या चाव्या तयार होऊ शकत होत्या. हे लक्षात यायला मे २००८ उजाडलं. तेव्हा सॉफ्टवेअर दुरुस्त करणं सोपं होतं. अडचण होती ती दोन वर्षांत त्या यंत्रांवर घडवलेल्या प्रत्येक चावीची, कारण पॅच (दुरुस्तीचा कोड) लावून जुनी चावी चांगली होत नाही. माझ्या मते हार्टब्लीडच्या वेळी जे भोगावं लागलं त्याची रंगीत तालीम हीच होती. दुर्दैवाने ती डेबियनवाल्यांचं प्रकरण म्हणून विसरली गेली.

आता मूळ चुकीकडे. टीएलएसमध्ये ‘हार्टबीट’ नावाची एक सोय फेब्रुवारी २०१२ च्या आरएफसी ६५२० या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजाने प्रमाणित केली. एका बाजूने छोटासा मजकूर पाठवायचा, दुसऱ्या बाजूने तोच जसाच्या तसा परत करायचा. जोडणी जिवंत आहे हे त्यातून कळतं. तिचे एक लेखक रॉबिन सेगेलमान तेव्हा जर्मनीत पीएचडी करत होते, आणि ओपनएसएसएलसाठीचा कोडही त्यांनीच लिहिला. तो ओपनएसएसएलच्या गटातले स्टीफन हेन्सन यांनी नजरेखालून घालून ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री मुख्य कोडमध्ये घेतला. १४ मार्च २०१२ ला १.०.१ ही आवृत्ती आली, तेव्हा ही सोय मुळातच चालू होती. साध्या वेबसाइटला तिची गरज जवळजवळ नव्हतीच, तरीही.

चूक समजायला पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. दळणाचा डबा ठेवायचा, त्यावर चिठ्ठी: नाव आणि किती किलो. समजा गिरणीवाला डबा तराजूवर ठेवतच नाही, चिठ्ठीवरच विश्वास टाकतो. कोणी डब्यात मूठभर गहू घातले आणि चिठ्ठीवर ६४ किलो लिहिलं, तर तो ६४ किलो पीठ भरून देणार. त्यातलं मूठभर तुमचं, बाकी शेजारच्या डब्यांतलं, हाताला लागेल त्याचं. ओपनएसएसएल नेमकं हेच करत होतं. पाठवणाऱ्याने सांगितलेली लांबी खरी धरून तेवढा भाग मेमरीतून उचलून परत करायचा. एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत, आणि हवं तितक्या वेळा. त्या शेजारच्या डब्यांत असत इतरांची नावं, पासवर्ड, सुरू असलेल्या सत्रांच्या कुकी (लॉगिनच्या ओळखखुणा), आणि कधीकधी सगळं कुलूप जिच्यावर चालतं ती खुद्द सर्व्हरची खासगी चावी. नेहमीच्या नोंदवहीत या मागणीचा मागमूसही राहत नसे, त्यामुळे आपल्याकडून काय गेलं हे सर्व्हरच्या मालकाला सांगताच येत नव्हतं.

गूगलच्या सुरक्षा पथकातले नील मेहता यांनी ही त्रुटी शोधली आणि १ एप्रिल २०१४ ला ओपनएसएसएलला कळवली. त्याच सुमारास फिनलंडमधल्या कोडेनॉमिकॉन कंपनीच्या अभियंत्यांना ती स्वतंत्रपणे सापडली आणि फिनलंडच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रामार्फत ७ एप्रिलला ओपनएसएसएलपर्यंत पोचली. एकच चूक दोन वर्षं कोणालाही दिसू नये आणि मग एकाच आठवड्यात दोघांना दिसावी, हे पाहून ओपनएसएसएलने ओळखलं की आता थांबण्यात धोका वाढतो. पॅच त्याच दिवशी सोडला. तो अॅडम लँग्ली आणि बोडो मोलर यांनी तयार केला होता. या त्रुटीचा अधिकृत क्रमांक सीव्हीई-२०१४-०१६०, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते कोडेनॉमिकॉनने दिलेलं नाव आणि रक्त ठिबकणाऱ्या हृदयाचं चित्र. घाईचा तोटाही झाला. इतरांच्या वेबसाइटची रहदारी सांभाळणाऱ्या क्लाउडफ्लेअरसारख्या काही कंपन्यांना आधी कुणकुण मिळून त्यांचे सर्व्हर सुरक्षित झाले होते. याहूसारख्या मोठ्या कंपनीचे सर्व्हर मात्र घोषणा झाली तेव्हा उघडेच होते.

पुढची कामं पॅचपेक्षा मोठी होती. नवी आवृत्ती बसवली तरी आधीपासून चालू असलेली प्रक्रिया मेमरीतलं जुनंच रूप वापरत राहते, म्हणून प्रत्येक सेवा रिस्टार्ट करायची. मग नवी खासगी चावी घडवायची, तिच्यावर नवं प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा दाखला) घ्यायचं, जुनं रद्द करायचं. एवढं झाल्यावर लोकांना पासवर्ड बदलायला सांगायचं. हा क्रम उलटा केला तर नवा पासवर्डही त्याच भोकातून बाहेर जाणार. सुरुवातीला काही जण म्हणत होते की चावी अशी हाती लागणं कठीण आहे. क्लाउडफ्लेअरने ११ एप्रिलला मुद्दाम एक कच्चा सर्व्हर उघडा ठेवून आव्हान दिलं, आणि त्याच दिवशी एकाहून अधिक जणांनी त्याची खासगी चावी काढून दाखवली. त्यानंतर क्लाउडफ्लेअरने आपल्या ग्राहकांची प्रमाणपत्रं सरसकट रद्द केली, तेव्हा प्रमाणपत्रं देणाऱ्या ग्लोबलसाइनची रद्द प्रमाणपत्रांची यादी २२ किलोबाइटवरून ४.९ मेगाबाइटवर गेली. कॅनडाच्या महसूल खात्याने करविवरणाच्या ऐन हंगामात ऑनलाइन सेवा बंद ठेवली, तरी तोवर सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक सहा तासांत काढून नेले गेले होते.

त्याच वर्षी अमेरिकी संशोधकांनी जे मोजलं ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. अॅलेक्साच्या लोकप्रिय वेबसाइटच्या यादीतल्या पहिल्या शंभर साइट ४८ तासांत दुरुस्त झाल्या. मात्र पॅच लावणाऱ्यांचा ओघ दोन आठवड्यांत आटला. धोक्यात आलेल्या साइटपैकी महिनाभरात प्रमाणपत्र बदलणाऱ्या फक्त १० टक्के, आणि त्यांतल्याही १४ टक्क्यांनी नव्या प्रमाणपत्राखाली जुनीच खासगी चावी ठेवली. दाराला नवी पाटी लावली, कुलूप तेच. डेबियनच्या वेळचा धडा सहा वर्षांनी पुन्हा पहिल्या पानापासून.

सेगेलमान यांनी आपली नजरचूक झाल्याचं उघडपणे मान्य केलं. त्यांच्यावर मुद्दाम केल्याचा आरोपही झाला, तो मला अन्यायाचा वाटतो. कोड खुला होता. तो विश्वासाने वापरणाऱ्या एकाही श्रीमंत कंपनीने दोन वर्षांत ही चूक दाखवली नव्हती. ओपनएसएसएलच्या पैशांची बाजू सांभाळणारे स्टीव्ह मार्केस यांनी तेव्हा हिशेब मांडला: वर्षाला देणग्या येत सुमारे २,००० डॉलर, आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच, हेन्सन. बातमी पसरल्यावर साधारण २०० लोकांनी मिळून सुमारे ९,००० डॉलर पाठवले, बहुतेकांनी पाच-दहा डॉलर. ते वाचताना गलबलून येतं, पण त्यावर जगाचं कुलूप राखता येत नाही.

मग मात्र हालचाल झाली. २४ एप्रिलला लिनक्स फाउंडेशनने पायाभूत सॉफ्टवेअरसाठी निधी जाहीर केला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक, अॅमेझॉन, आयबीएम अशा कंपन्यांनी तीन वर्षं दरसाल किमान एक लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. ओपनएसएसएलला त्यातून पूर्णवेळ माणसं मिळाली. ओपनबीएसडी ही खुली संगणक प्रणाली चालवणाऱ्या मंडळींचा धीर सुटला होता. त्यांनी ओपनएसएसएलचाच कोड घेऊन लिब्रएसएसएल नावाने वेगळी चूल मांडली आणि पहिल्या आठवड्यातच त्यातल्या सुमारे ९०,००० ओळी कापल्या. गूगलनेही जूनमध्ये आपली वेगळी आवृत्ती, बोरिंगएसएसएल, काढली. ओपनएसएसएलनेही आपली शिस्त लिहून काढली: गंभीर त्रुटीचा पॅच येणार असेल तर तो कोणत्या दिवशी येणार हे आधी जाहीर करायचं, तपशील त्या दिवशीच द्यायचा. २०२२ मध्ये १ नोव्हेंबरला येणाऱ्या ३.०.७ ची सूचना आठवडाभर आधी मिळाली, ती याच पद्धतीने.

शोडान या शोधयंत्राला जानेवारी २०१७ मध्येही इंटरनेटवर सुमारे दोन लाख यंत्रणा हार्टब्लीडसाठी उघड्या सापडल्या. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ओपनएसएसएल १.१.१ आलं, तेव्हा त्यातून हार्टबीटची सोयच काढून टाकलेली होती.