वापरलेली छोटी फोर-बाय-फोर गाडी घेण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

जिप्सी, थार, जिमनी किंवा डस्टर यांपैकी एखादी वापरलेली फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देता येणारी, गाडी पसंत करून अनेक ग्राहक आमच्या साताऱ्याच्या गॅरेजमध्ये तपासणीसाठी येतात आणि आल्या आल्या सांगतात, "फोर-बाय-फोर चालू आहे, आम्ही रस्त्यावर टाकून बघितलं." डांबरी रस्त्यावरच्या या चाचणीमुळे चांगल्या गाड्या नाकारल्या जातात, सदोष गाड्यांचा इसार दिला जातो आणि आमचा बराच वेळ फोर-बाय-फोरचा अडकलेला लीव्हर सोडवण्यात जातो. म्हणून हे पत्रक आम्ही काढले आहे.

जिप्सी, थार आणि जिमनी या गाड्यांना पुढच्या व मागच्या ॲक्सलच्या दरम्यान मधला डिफरन्शियल (दोन्ही ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो. लीव्हर फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद) टाकला की दोन्ही प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलकडे ताकद नेणारे दांडे) एकमेकांशी जखडले जातात व एकाच वेगाने फिरू लागतात. वळणावर मात्र पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावे लागते. चिखलात किंवा सुट्या मुरुमावर टायर थोडा घसरतो आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, त्यामुळे सगळा ताण ट्रान्सफर केस (ताकद दोन्ही ॲक्सलना वाटणारी गिअरची पेटी), शाफ्ट आणि क्रॉस (शाफ्टचे सांधे) यांच्यात साठत जातो. स्टिअरिंग जड होते, गाडी ब्रेक धरल्यासारखी अडते आणि लीव्हर परत टू-एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) येत नाही. असे झाल्यास लीव्हरवर जोर करू नये. चाके सरळ ठेवून गाडी काही मीटर मागे घ्यावी, बहुतेक वेळा ताण उतरून लीव्हर सुटतो.

याची दुसरी बाजू अधिक महागात पडते. पुढची चाके ॲक्सलला जोडणारे, हाताने फिरवायचे हब असलेल्या जिप्सीत हब 'फ्री'वर राहिले असतील किंवा आतून झिजले असतील, तर लीव्हर व्यवस्थित पडतो, पण पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोहोचतच नाही. अशी गाडी डांबरावर फोर-एचमध्येही अगदी हलकी वळते आणि घेणारा समाधानाने इसार देऊन मोकळा होतो. म्हणजे डांबरी रस्त्यावर अडणारी गाडी पुष्कळदा चांगली असते, आणि अजिबात न अडणारीच आधी लिफ्टवर घ्यायला हवी. डॅशबोर्डवरचा फोर-बाय-फोरचा दिवा हीसुद्धा पुरेशी खात्री नव्हे.

आम्ही गाडी लिफ्टवर घेऊन चारही चाके अधांतरी ठेवतो, गिअर न्यूट्रल करून ट्रान्सफर केस फोर-एचमध्ये टाकतो आणि दोन्ही प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करतो. मागचा शाफ्ट हाताने फिरवला की पुढच्या शाफ्टची खूण त्याच्याबरोबर फिरली पाहिजे. त्यानंतर हब, क्रॉसमधला ढिलेपणा आणि सील पाहतो. शेवटी दोन्ही डिफरन्शियलचे फिलर प्लग उघडून बोट आत घालून ऑइल पाहतो. ते दुधाळ, चहासारखे दिसले तर आत पाणी गेलेले आहे, आणि त्या गाडीने ओढे कसे ओलांडले असतील याचा अंदाज मालकाला न विचारताही येतो. जिप्सीचे व जिमनीचे पुढचे ॲक्सल अखंड असल्यामुळे किंगपिन बेअरिंग (पुढचे चाक ज्यावर वळते ते) सैल झाले की ठरावीक वेगाला स्टिअरिंग जोरात थरथरते. केवळ व्हील बॅलन्सिंग करून हे दुखणे जात नाही.

डस्टरचे तंत्र वेगळे आहे. तिच्यात मागच्या ॲक्सलआधी, गरजेप्रमाणे मागच्या चाकांना ताकद जोडणारे विद्युतचुंबकीय कपलिंग असून ऑटो मोडमध्ये ती डांबरावरही निर्धास्त चालते. मात्र तिला लो गिअर (अगदी कमी वेगात जास्त ताकद देणारा) नाही. भारतात ही ऑल-व्हील-ड्राइव्ह केवळ डिझेल इंजिनासोबत मिळत होती. चारही टायर एकाच मापाचे, एकाच जातीचे आणि साधारण सारखे झिजलेले असणे चारही गाड्यांना आवश्यक आहे, पण डस्टरच्या कपलिंगसाठी ते विशेष महत्त्वाचे आहे. थारच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी : जानेवारी २०२३ पासून ती केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही विकली गेली आहे. गिअरच्या शेजारी दुसरा लीव्हर नसेल तर ती फोर-बाय-फोर नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

फोर-बाय-फोर गाडी घ्यावी की नाही, याबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. तापोळा, बामणोलीकडच्या कच्च्या वाटेने पावसाळाभर शेतावर किंवा निवासावर जावे लागत असेल, तर लो गिअर असलेली गाडी घेणे योग्य. वर्षातून एकदोनदा सहलीपुरता कच्चा रस्ता लागत असेल, तर उंच बांधणीची साधी गाडी आणि चांगले टायर पुरेसे असतात. फोर-बाय-फोरमध्ये ट्रान्सफर केस व जास्तीच्या डिफरन्शियलचे ऑइल बदलावे लागते, जास्तीचे सांधे झिजतात आणि इंधनही जास्त लागते. हा खर्च गाडी उभी राहिली तरी पूर्णपणे टळत नाही.

कोकणातून आलेल्या गाडीचा पत्रा चकचकीत असला तरी चासी खालून पाहावीच. किनाऱ्यावरच्या वाळूत फिरवलेल्या गाडीचे पाट्यांचे शॅकल, ब्रेकच्या नळ्या आणि चासीचे सांधे आधी गंजतात, आणि खालून नुकताच मारलेला काळा रंग आम्हाला नेहमीच संशयास्पद वाटतो. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सीचा चासी क्रमांक आर. सी.शी ताडून पाहावा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती ५-५ वर्षांनी वाढवावी लागते, त्यामुळे मुदत संपत आलेल्या जुन्या जिप्सीची किंमत ठरवताना फेरनोंदणीचा खर्च धरावा. कर्जाचा बोजा उतरल्याची नोंद आणि बदललेल्या हूडची (छताची) किंवा इंजिनाची आर. सी.वरील नोंद हेही इसाराआधीच पाहून घ्यावे.

फोनवर किंवा पाठवलेल्या व्हिडिओवरून आम्ही मत देत नाही, याचे काही ग्राहकांना वाईट वाटते. पण वरील एकही गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. तपासणीचे शुल्क आम्ही गाडी घेतली नाही तरी घेतो, कारण विकणाऱ्याकडून किंवा एजंटाकडून आम्ही दलाली घेत नाही आणि 'घेऊ नका' असे सांगण्याची मोकळीक आम्हाला त्यामुळेच राहते. गाडी घेतल्यास हे शुल्क आमच्याकडील पहिल्या सर्व्हिसिंगच्या बिलातून वजा केले जाते, ज्यात सर्व ऑइल एकदम बदलून घेता येतात.

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना, न धुता, मूळ आर. सी.सह आणि शक्यतो मालकाबरोबर आणावी. आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्यावी, म्हणजे लिफ्ट मोकळी ठेवता येईल. आणि येताना लीव्हर टू-एचमध्येच असू द्यावा.