कॅमेऱ्याचं माप आणि ओळंब्याचा दोरा

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या कारखान्यांत जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, तपासायला कॅमेरा बसवायचं ठरलं की पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा निघतो. पाच घ्यायचा की बारा? माप मात्र बहुतेक वेळा लेन्स बिघडवते. २०० मिमी रुंदी २४४८ पिक्सेलमध्ये टिपली तर एक पिक्सेल साधारण ०.०८ मिमीचा. त्याच लेन्सने कडेला एक टक्का ओढ घेतली, म्हणजे चित्र तेवढं ताणलं किंवा आक्रसलं, तर तिथलं टोक एक मिमीने सरकतं, म्हणजे बारा पिक्सेल. ही ओढ मोजून वजा करायची, हे कॅलिब्रेशनचं मोठं काम. त्याची मुळं कॉम्प्युटरच्या बरीच आधीची आहेत.

१८५८ मध्ये जर्मनीतल्या वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापं घेताना आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण स्थापत्यकार उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढण्यापेक्षा फोटोवरून माप काढावं, हे त्याच्या मनाने घेतलं. त्यासाठी त्याने खास कॅमेरे बनवले. त्यांचा फोकस पक्का होता आणि मध्य कळावा म्हणून खुणा केलेल्या होत्या. पुढे बराच काळ मापाची अचूकता म्हणजे असा मुद्दाम घडवलेला, महागडा कॅमेरा.

भिंगं एका अक्षावर नेमकी बसली नाहीत तर चित्र कसं सरकतं, हे प्रकाशशास्त्रज्ञ कॉनरेडीने १९१९ मध्ये मांडलं. अमेरिकेत डुएन ब्राउन यांनी १९६६ मध्ये त्याला वापरण्याजोग्या सूत्राचं रूप दिलं. १९७१ मध्ये त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी वजनं बांधून दोरे उभे सोडले आणि त्यांचे फोटो घेतले. आपला गवंडी भिंतीला लावतो तोच ओळंबा! दोरा सरळ आहे याची खात्री आहे, मग फोटोत तो जितका वाकला तितकी चूक लेन्सची. दोन दोऱ्यांतलं अंतर माहीत असायचीही गरज नाही.

१९८७ मध्ये आयबीएमच्या रॉजर त्साय यांनी बाजारात मिळणाऱ्या टीव्ही कॅमेऱ्यांसाठी कॅलिब्रेशनची रीत दिली. पुढची मोठी उडी झेंगयू झांग यांची. त्यांची रीत १९९८ मध्ये अहवालात आली आणि २००० मध्ये शोधनिबंध म्हणून छापली गेली. लेझर प्रिंटरवर चौकोन छापायचे, कागद सपाट पृष्ठावर चिकटवायचा आणि या बोर्डाचे वेगवेगळ्या कोनांतून फोटो घ्यायचे. बोर्ड कसा हलवला हे कळायची गरज नाही. ओपनसीव्ही या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामसंचामुळे ही रीत इंजिनिअरिंगच्या पोरांपर्यंत पोचली.

पण सगळा हिशेब कागद सपाट आहे या एका गृहीतावर उभा आहे. आमच्या शेडमध्ये पहिला बोर्ड प्लायवूडवर चिकटवला होता. जुलैच्या दमट हवेत तो फुगला. स्टीलची पट्टी आडवी ठेवली तर मधोमध टेकली आणि टोकांखालून उजेड दिसायला लागला, फट मोजायची ०.३ मिमीची पातळ पट्टी, म्हणजे फिलर गेज, सहज आत गेली. महिनाभर आम्ही लेन्सला दोष देत होतो. नंतर काचेवर छापलेली प्लेट घेतली, आणि ती पैशांच्या मानाने उत्तम खरेदी ठरली.

दुसरी चूक आकड्यावर भाळण्याची. बोर्ड समोरासमोर धरून वीस फोटो काढले की प्रोग्राम ०.१ पिक्सेलची सुंदर त्रुटी दाखवतो, म्हणजे हिशेबाने आलेली आणि फोटोत दिसलेली जागा यांतला फरक. मात्र बोर्ड तिरका धरलाच नसेल तर लेन्सची फोकल लेंथ आणि बोर्डाचं अंतर एकमेकांची चूक झाकतात. बोर्ड चांगला तिरका हवा, तो चारही कोपऱ्यांत फिरवायला हवा आणि नंतर फोकसच्या रिंगला हात लावायचा नाही.

तापमान वेगळंच. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची असा ठराव, तर नाशिकचा एप्रिल ४० ला भिडतो. १०० मिमीचा अ‍ॅल्युमिनियमचा जॉब तेवढ्याने ०.०४६ मिमी वाढतो.

म्हणून आता त्रुटीचा आकडा नोंदवला तरी काम संपत नाही. कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेली २५ मिमीची स्लिप गेज, म्हणजे नेमक्या मापाचा पोलादी ठोकळा, जॉबच्याच उंचीवर, आधी मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांत ठेवून मोजतो. कोपऱ्यात फरक दिसला तर त्या दिवशी शिफ्ट थांबवून बोर्ड बाहेर काढतो आणि कॅलिब्रेशन पुन्हा करतो.