राग कुणाचा, लोभ कुणाचा

बडोद्याला दांडिया बाजारात आमच्या शेजारी एक जैन बेन राहायच्या. पर्युषण हे जैनांचं पर्व संपलं की 'मिच्छामि दुक्कडम्', म्हणजे झाल्यागेल्याची क्षमा असावी, म्हणत हात जोडून दारात उभ्या. एकदा म्हणाल्या, राग-द्वेष सोडायचे हे दिवस. आजी गडबडली, "अहो बेन, मला कुठं राग आलाय तुमचा?"

बेनचा राग संस्कृतातला, म्हणजे आसक्ती. 'रञ्ज्' हा धातू रंगण्याचा, तांबडं होण्याचा. चेहरा ओढीनं लाल होतो तसा संतापानंही. मराठीनं बहुधा दुसरी लाली उचलली. उलट संस्कृतात हाव असलेला 'लोभ' आपल्याकडे माया झाला. जैन शास्त्रात क्रोध द्वेषाच्या खात्यात पडतो आणि लोभ रागाच्या. आजी आणि बेन एकमेकींना कळणार कशा!

शब्द असे कूस बदलू शकले, कारण मुळात ओढ आणि द्वेष या दोघांची नाळ एकच. योगसूत्रांत पतंजली सांगतो: सुखाच्या मागोमाग येतो तो राग, दुःखाच्या मागोमाग येतो तो द्वेष. दोन्ही क्लेशच, म्हणजे मनाला पीडणारे दोष. एक चांगला, दुसरा वाईट अशी वाटणी तिथं नाही. न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथात, न्यायसूत्रांत तर इच्छा आणि द्वेष या दोन्ही आत्म्याच्या खुणा आहेत.

गीतेच्या सातव्या अध्यायात इच्छाद्वेषातून उपजणाऱ्या मोहाचा कोरडा उल्लेख आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये त्याचा संसारच मांडला. अहंकाराचा कायेवर जीव जडला, त्यांना इच्छा नावाची मुलगी झाली. ती वयात आल्यावर द्वेषाशी तिचं लग्न लागलं, पोटी द्वंद्वमोह, म्हणजे आवड-नावडीचा भ्रम, आला आणि या नातवाला लाडानं वाढवलं आजोबा अहंकारानं. द्वेष इथं बाहेरचा शत्रू नाही, घरचा जावई आहे. बाराव्या अध्यायातला भक्त मात्र 'द्वेषातें नेणेचि कांहीं', द्वेष म्हणून काही जाणतच नाही. त्याला आपपरच नाही, म्हणून त्याची प्रीती या सोयरिकीत सापडत नाही.

भरतमुनीच्या नाट्यशास्त्राचा हिशेब आणखी वेगळा. अभिनवगुप्ताच्या टीकेसह हा ग्रंथ १९२६ पासून खंडाखंडानं छापला गेला तो आमच्या बडोद्यातच, गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. भरताच्या आठ स्थायीभावांत, म्हणजे मनात टिकून राहणाऱ्या भावांत, रती म्हणजे प्रीती पहिली. क्रोध आहे, जुगुप्सा म्हणजे किळस आहे, द्वेष नाही. असूया म्हणजे मत्सर आणि अमर्ष म्हणजे अपमान न साहणारी चीड भेटतात ते तेहतीस व्यभिचारी भावांत, म्हणजे येऊन जाणाऱ्यांत.

आजीचं मात्र पुण्याच्या बहिणीशी वर्षानुवर्षं वाकडं होतं. तरी तिला लिहिलेलं प्रत्येक पोस्टकार्ड 'लोभ असावा' म्हणूनच संपायचं.