स्पिटफायरचे कागद : लढाऊ विमानांच्या जुन्या मॅन्युअल्सची पार्श्वभूमी

५ मार्च १९३६ रोजी इंग्लंडमधल्या ईस्टली विमानतळावरून स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचा पहिला नमुना उडाला. त्याचे रचनाकार आर. जे. मिचेल पुढच्याच वर्षी जूनमध्ये वारले आणि काम जोसेफ स्मिथ यांच्याकडे आलं. उत्पादन थांबेपर्यंत वीस हजारांवर विमानं बनली होती आणि मार्क, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, चोविसाव्यापर्यंत गेला होता. दरम्यान इंजिन बदललं, पंख बदलले, बंदुकांच्या जागी तोफा आल्या. एकाच नावाखाली कितीतरी वेगळी यंत्रं होती, आणि त्यांच्यातले फरक नेमके कुठे नोंदले गेले असतील, तर हवाई दलाच्या तांत्रिक पुस्तिकांत. म्हणूनच या कागदांच्या संग्रहाला मी विमानांच्या संग्रहाइतकंच महत्त्व देतो.

ब्रिटिश हवाई मंत्रालयाची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक विमानाला आणि इंजिनाला ‘एअर पब्लिकेशन’ म्हणून एक क्रमांक मिळे. हरिकेन या दुसऱ्या लढाऊ विमानाचा १५६४, स्पिटफायरचा १५६५. पुढच्या इंग्रजी अक्षरावरून मार्क ओळखता येई. विमानाचं वर्णन, देखभाल-दुरुस्ती, सुट्या भागांची यादी असे जाड खंड कार्यशाळेत राहत. वैमानिकाच्या हाती पडे ती ‘पायलट्स नोट्स’ नावाची लहानशी पुस्तिका. परिच्छेदांना क्रमांक, भाषा कोरडी, आणि कॉकपिटच्या छायाचित्रांवर आकडे टाकून कुठला दांडा कशाचा ते सांगितलेलं.

या पुस्तिकेतली एखादी ओळ किती मोलाची होती पाहा. मर्लिन इंजिनाचा स्पिटफायर धावपट्टीवर वेग घेताना डावीकडे ओढायचा, म्हणून सुकाणूचा ट्रिम (सुकाणूला एका बाजूला कल देणारी जोडणी) पूर्ण उजवीकडे फिरवून ठेवायचा. पुढच्या मार्कांत ग्रिफन इंजिन आलं आणि त्याचा पंखा उलट दिशेने फिरत असे. मग ओढ उजवीकडे आणि ट्रिम पूर्ण डावीकडे. मर्लिनवर शेकडो तास काढलेला माणूस जुन्या सवयीने ट्रिम लावून निघाला, तर विमान सरळ धावपट्टीबाहेर. आजही उडणाऱ्या मोजक्या स्पिटफायरांत दोन्ही प्रकारची इंजिनं आहेत, तेव्हा ही सूचना अजूनही तितकीच लागू आहे.

छापून झाली म्हणजे पुस्तिका पूर्ण झाली, असं नव्हतं. नवे आदेश आले की दुरुस्तीपत्रक निघे. ‘पायलट्स नोट्स’साठी या पत्रकांना मागून डिंक लावलेला असे, ती पुस्तिकेत चिकटवायची आणि नोंदीच्या पानावर सही-तारीख टाकायची. उदाहरणार्थ, १९४० साली शंभर ऑक्टेनचं, म्हणजे जास्त दाब सोसणारं, इंधन मिळू लागल्यावर मर्लिनचा बूस्ट (इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) सव्वासहावरून बारा पौंडांपर्यंत नेता येऊ लागला. विमान एकदम खाली झुकवलं की कार्ब्युरेटरच्या गडबडीने इंजिन अडखळे. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रातल्या अभियंत्या बिअ‍ॅट्रिस शिलिंग यांनी त्यावर १९४१ मध्ये उपाय काढला : इंधनाच्या वाटेत भोक असलेली एक छोटी चकती. असे बदल कोणत्या तुकडीच्या विमानांपर्यंत केव्हा पोचले, हे शोधताना अशा सही-तारखा हाताशी लागतात. कोरी करकरीत प्रत दिसायला सुंदर असेल, पण चिठ्ठ्यांनी फुगलेली, तेलाचे डाग पडलेली प्रत मी आधी घेईन.

एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरीची पुस्तिका याहून वेगळी. या संस्थेचे वैमानिक (त्यांत १६८ स्त्रिया होत्या) कारखान्यातून तळावर विमानं पोचवत. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी १४७ प्रकारची सुमारे ३,०९,००० विमानं हलवली. सकाळी स्पिटफायर, दुपारी कधी न पाहिलेलं बॉम्बफेकी. त्यांच्याजवळ असे कड्यांत ओवलेली, हातात मावणारी कार्डं. कोणत्या विमानाचा उतरण्याचा वेग किती, चाकं खाली कशी सोडायची, फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) केव्हा, एवढंच. संग्राहक या कार्डांसाठी जीव टाकतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

युद्ध संपलं आणि यातलं बहुतेक रद्दीत गेलं. विमान सेवेतून गेल्यावर त्याचे गोपनीय कागद तरी कोण सांभाळणार? जर्मनीचे कागद जास्त टिकले, कारण ते जेत्यांना हवे होते. जप्त केलेले सुमारे १,५०० टन दस्तऐवज लंडनमार्गे अमेरिकेच्या राइट फील्ड या हवाई तळावर गेले.

ब्रिटिश हवाई दलाने १९५७ मध्ये ऐतिहासिक विमानांची उडती तुकडी उभी केली. १९६८ मध्ये एका मोठ्या युद्धपटासाठी डझनभर स्पिटफायर पुन्हा उडते केले गेले. मग मालक वाढले आणि कागदांची मागणीही. सत्तरच्या दशकात लंडनच्या हवाई दल संग्रहालयाच्या नावाने जुन्या मॅन्युअल्सची जशीच्या तशी पुनर्मुद्रणं निघाली. अमेरिकेत मस्टँग हे लढाऊ विमान बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन कंपनीची हजारो मूळ ड्रॉइंग्ज १९८८ मध्ये ओहायोतल्या कोलंबस इथल्या कारखान्यातून नष्ट व्हायच्या बेतात होती. तिथल्याच एका कर्मचाऱ्याने ती वाचवली. मॉस्किटो या ब्रिटिश विमानाचं तर २०१७ पर्यंत लांबलं. वेल्समधल्या ब्रॉटनच्या विमान कारखान्यातली एक इमारत पाडायच्या आधी मायक्रोफिल्म कार्डांवरची वीस हजारांवर ड्रॉइंग्ज सापडली. त्यांत कधीच न बांधलेल्या आवृत्त्याही होत्या.

आपल्याकडचा धागाही इथेच येतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी केली आणि जुलै १९४२ मध्ये तिथे जुळवलेलं कर्टिस हॉक लढाऊ विमान उडालं. पुढे भारतीय हवाई दलाने स्पिटफायर आणि टेम्पेस्ट ही ब्रिटिश लढाऊ विमानं वापरली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस इथल्या तळांवर पडून असलेले सांगाडे ब्रिटिश संग्राहकांनी विकत नेले. त्यांतले काही स्पिटफायर दुरुस्त होऊन पुन्हा उडाले. धातूला गिऱ्हाईक मिळालं; आता कागदांचं पाहा. पुणे, नाशिक, नागपूरकडच्या जुन्या हवाई दलाच्या घरांत आजोबांच्या ट्रंकेत एखादी पुस्तिका निघाली, तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. चिकटवलेल्या चिठ्ठ्या सोडवू नका, लॅमिनेशन करू नका, पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. कोऱ्या पानांसकट सगळं स्कॅन करा, आणि त्यात सह्या-तारखांचं पान सर्वांत आधी.