आनेके यान्स राजघराण्यातली नव्हतीच

सतराव्या शतकात डच वसाहतीत, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कमध्ये राहिलेली आनेके यान्स ही डच राजपुत्र विल्यम ऑफ ऑरेंजची नात होती आणि मॅनहॅटनमधली ट्रिनिटी चर्चची जमीन तिच्या वंशजांची आहे, ही कथा अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

राजघराण्याचा भाग निव्वळ बनाव. ॲमस्टरडॅममधल्या १६२३च्या विवाहनोंदीत तिचं गाव फ्लेकरॉय लिहिलंय. हे नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं बेट. नवरा रूलोफ यान्सन शेतीकामासाठी वसाहतीत आला. आनेकेची आई तिथे सुईण होती! राजघराण्याची सून बाळंतपणं करत फिरेल का?

जमिनीची गोष्ट मात्र पूर्ण खोटी नाही. मॅनहॅटनमध्ये या जोडप्याचं सुमारे ६२ एकरांचं शेत खरंच होतं. आनेके १६६३मध्ये वारली. पुढे वसाहत इंग्रजांकडे गेली आणि १६७१मध्ये वारसांनी ते शेत इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकलं. १७०५मध्ये इंग्लंडच्या राणी ॲनने ती जमीन चर्चला दिली. पण विक्रीच्या कागदावर एका मुलाच्या शाखेची सही नव्हती, आणि तेवढ्या फटीतून दावे सुरू झाले. कोर्टांनी ते पुन्हापुन्हा फेटाळले, तरी ‘वारस संघ’ काढून लोकांकडून वर्गणी गोळा होतच राहिली. राजवंशाची कथा कदाचित त्यामुळेच इतकी टिकली.